रागावर चालणारे सांधे

प्रल्हाद तायडे एकतीस वर्षं रेल्वेत होता आणि या एकतीस वर्षांत तो आगगाडीत जेमतेम नऊ वेळा बसला होता. त्यातल्या सहा वेळा तर रेल्वेच्याच दवाखान्यात डोळे तपासून घ्यायला. बाकीचा सगळा प्रवास पायी. वाघजळी स्टेशनापासून पूर्वेकडचे सहा किलोमीटर रूळ हा त्याचा इलाखा. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून निघायचं, प्रत्येक सांध्यापाशी थांबायचं, हातोडा मारून आवाज ऐकायचा, नट सैल वाटला तर आवळायचा आणि पुढचा सांधा गाठायचा. रेल्वेत अशा माणसाला कीमन म्हणतात. त्याची बायको वनमाला त्याला काय म्हणायची, ते रोज बदलत असे.

हे सांधे कसले, तेही सांगून टाकतो. रूळ म्हणजे तेरा-तेरा मीटरचे लोखंडी तुकडे. दोन तुकड्यांची टोकं जिथे भेटतात तिथे दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या लावून चार बोल्टांनी आवळतात. या पट्ट्यांना म्हणायचं फिशप्लेट. मोठ्या मार्गांवर रूळ वितळवून एकसंध करायची रीत आली आणि तिथले सांधे कधीच नाहीसे झाले. पण कोठारी जंक्शन ते वाघजळी ही शाखा पडली वऱ्हाडातल्या काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात टम्म फुगते आणि एरवीही स्वस्थ बसत नाही. तिच्यावर अखंड रूळ टाकला की तो वर्षभरात नागमोडी. म्हणून २०४३ साल उजाडलं तरी प्रल्हादच्या सहा किलोमीटरांत नऊशे चोवीस सांधे होते आणि त्यातल्या प्रत्येकाची प्रकृती त्याला तोंडपाठ होती. माझी विचारपूस त्याने इतक्या वेळा कधी केली नाही, असं वनमालेचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

वनमालेला समुद्र पाहायचा होता. जगन्नाथपुरीला जावं, देवाला हात जोडावेत आणि मग पाण्यात पाय घालून बसावं, एवढीच तिची इच्छा. रेल्वे आपल्या माणसांना दरवर्षी फुकट प्रवासाचा पास देते. प्रल्हादला मिळालेले एकतीस पास बिनवापरले गेले होते, कारण पासाबरोबर रजाही लागते आणि कीमनला रजा हवी तर त्याच्या जागी दुसरा कीमन लागतो. तो कधीच नसायचा. घराच्या परसातून दिवसाला चार गाड्या जाताना पाहणारी ही बाई कोठारीच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

यंदा मात्र मार्गशीर्षात नक्की जायचं ठरलं होतं. तेवढ्यात पुण्याहून कैवल्य दामले नावाचे इंजिनियर वाघजळीला उतरले आणि त्यांच्याबरोबर एक पेटी उतरली.

पेटीत होती नटाखाली बसवायची जाड चकती. तिचं खरं नाव ओळभर लांब होतं. रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगच्या लोकांनी अर्ध्या दिवसात तिला 'जागल्या' करून टाकलं. गावाची राखण करणारा जागल्या जसा, तशी ही सांध्याची राखण करणारी. चकतीचा धातू असा, की त्याला आपला मूळ आकार आठवतो. दाबून पातळ केला तरी जराशी ऊब मिळाली की तो पुन्हा जाड होतो. आत एक स्फटिक बसवलेला. त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते, आणि गाडी वरून गेली की दाबाला काय तोटा! नट ढिला झाला, स्फटिकावरचा ताण कमी झाला, की चकती त्याच साठवलेल्या विजेने ऊब घेई, फुगे आणि नट पुन्हा आवळून टाके. माणसाने पाना लावायची गरजच नाही.

पण रेल्वे कोणाच्या शब्दावर विसंबत नाही, चकतीच्या तर नाहीच. सांधा खरोखर घट्ट आहे याची चकतीने रोज एकदा ग्वाही द्यावी असं ठरलं. त्यासाठी तिला कान दिले. हातोडा मारला की घट्ट सांधा खणखणीत वाजतो आणि सैल सांधा बद्द. कीमनने रोज ठोका मारायचा, चकतीने तो ऐकायचा आणि स्टेशनातल्या नकाशावर आपला ठिपका हिरवा किंवा लाल करायचा. लागोपाठ तीन ठिपके लाल झाले की सिग्नल आपोआप लाल. अडचण एवढीच, की मुरमावरच्या सांध्याचा खणखणाट वेगळा, पुलाजवळच्याचा वेगळा. चकतीला शिकवायला तिथलाच जाणता माणूस हवा.

"म्हणून आम्हाला गुरुजी हवेत, काका," कैवल्य म्हणाले. "चाळीस दिवस तुम्ही नेहमीसारखेच ठोके मारायचे. सांधा चांगला असेल तर कमरेच्या पट्ट्यावरचं हिरवं बटण दाबायचं, नसेल तर लाल. चकती आपोआप शिकेल. एकदा शिकली की तिची स्मृती कुलूपबंद. मग कोणी कितीही खोडसाळपणा केला तरी ती बदलणार नाही."

या कुलपाचा कैवल्यना फार अभिमान होता.

प्रल्हादची छाती फुगली. एकतीस वर्षांत त्याला कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे होकार दिला आणि घरी येऊन बातमी सांगितली.

"चाळीस दिवस?" वनमालेने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अन् आपलं पुरीचं?"

"साहेब म्हनले, तायडेच पाह्यजे."

"साहेब म्हनले तवा 'बायकोले विचारून सांगतो' एवढं बी तुमच्या तोंडातून निंगालं नाही?"

तेव्हापासून चाळीस दिवस भांडण चाललं. वनमालेच्या भांडणाला शिस्त होती. ते सकाळी सहाला चहाबरोबर सुरू होई आणि प्रल्हाद फाटकाबाहेर पडला की थांबे. मधल्या वेळात ती इतकं आणि इतकं मुद्देसूद बोले, की उत्तर द्यायला त्याला फटच सापडत नसे. ही राहिलेली उत्तरं तो मग सांध्यांना देई. हातोडा आदळायचा आणि म्हणायचं, "हो, मीच नालायक!" पुढचा सांधा. "बरं, नाही विचारलं, काय करतं मंग?" पुढचा सांधा. सहा किलोमीटर संपेपर्यंत त्याचं मन मोकळं होई आणि दुपारी तो शांतपणे घरी येई. या रिवाजात त्याला काहीच वावगं वाटलं नाही, कारण लग्न झाल्यापासून तो असाच चालत आला होता.

चाळीस दिवस भरले, चकत्यांना कुलूप लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादने पहिला खरा फेरा मारला. स्टेशनातल्या नकाशावर नऊशे चोवीस हिरवे ठिपके उमटले. सेक्शनचे इंजिनियर झामरे साहेब, म्हणजे प्रल्हादचे वरिष्ठ, इतके खूश झाले की त्यांनी पेढे वाटले आणि त्या भरात प्रल्हादच्या वीस दिवसांच्या रजेवर सहीही केली.

त्या दिवशी तायड्यांच्या घरी शेवयांची खीर झाली. वनमालेने कागद तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने त्याला आपणहून दोन बिस्किटं दिली आणि "उन्हाचं जपून जा," असं म्हणाली. प्रल्हाद शीळ घालत निघाला. सांध्यावर टक्, टक्, अगदी हळुवार. पहिला ठिपका लाल झाला. दुसरा लाल झाला. तिसरा झाल्यावर सिग्नल लाल झाला आणि साडेनऊची गाडी आंब्याच्या बनापाशी खोळंबली.

झामरे धापा टाकत आले. प्रल्हादने पाना लावून पाहिला. बोल्ट जागचा हलेना. "साहेब, सांधे एकदम टाइट हाय," तो शपथेवर म्हणाला. पण नकाशा लाल तो लालच.

"तायडे, तुमच्याशिवाय भागत नाही. रजा रद्द!"

त्या दुपारी घरी काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हाद सांध्यांवर तुटून पडला आणि नऊशे चोवीस ठिपके हिरवेगार झाले.

"सुधारलं वाटते यंत्र," झामरे म्हणाले. मनाने ते चांगले होते. त्यांनी रजा परत मंजूर केली. घरी पुन्हा खीर. सकाळी नकाशा लाल. रजा रद्द. घरी रणकंदन. सकाळी नकाशा हिरवा. असं तीनदा झालं. वाघजळीचे प्रवासी तायड्यांच्या घरातून वेलदोड्याचा वास आला की दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊ लागले.

कैवल्य दामले मात्र जेवणखाण सोडून आकडे चाळत बसले होते. शेवटी एका दुपारी त्यांनी झामरे आणि प्रल्हादला खोलीत बोलावलं आणि एका चकतीने शिकताना साठवलेला आवाज ऐकवला. ठाण्! ठाण्-ठाण्! "हो, मीच नालायक!" ठाण्! पुढच्या चकतीतही तेच. तिच्या पुढच्या चकतीत जरा जास्तच.

"चकतीचं काही चुकलं नाही," कैवल्य कपाळाला हात लावून म्हणाले. "आपण तिला म्हटलं, चांगला सांधा कसा असतो ते ऐक. तिने चाळीस दिवस ऐकलं. लोखंडाचा खणखणाट होताच, पण त्याच्याबरोबर दर वेळी आणखी काहीतरी होतं. माणूस चिडला की त्याचा हात एका लयीत पडत नाही. ठोका जड पडतो, मागोमाग घाईचे दोन पडतात आणि मग पुटपुट. चकतीने हे सगळं मिळून घट्ट सांधा धरलं. आता काकांनी प्रेमाने ठोकलं की तिला वाटतं, काहीतरी बिघडलंय. आवळायचं काम ती स्फटिकावरच्या दाबाने करते, म्हणून ते चोख आहे. घोटाळा फक्त कानात आहे."

"मंग पुसून टाका ना ते कान!" झामरे म्हणाले.

"कुलूप लावलंय. चकत्या काढून कारखान्यात पाठवाव्या लागतील. साडेतीन हजारांच्या वर आहेत. दोन महिने तरी."

झामरेंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. येत्या शुक्रवारी दिल्लीहून बडे साहेब जागल्या पाहायला यायचे होते. पसंत पडला तर तो देशभरच्या सांध्यांवर चढणार होता आणि नाही पडला तर कोणाच्या मानेवर चढणार, हे झामरेंना पक्कं माहीत होतं. प्रल्हाद कोपऱ्यात उभा राहून आपलाच आवाज ऐकत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याच संध्याकाळी दोघे साहेब तायड्यांच्या क्वार्टरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसले. झामरेंनी घसा खाकरला.

"वहिनी, एक सरकारी काम होतं तुमच्याकडे."

"बोला ना."

"म्हंजे… शुक्रवारपर्यंत तुम्ही भांडा."

"कोनासंगं?"

"तायड्यासंगं. रोज सकाळी. जसं भांडता तसंच. कमी नको."

वनमालेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. मग कैवल्यनी तिला सगळी हकिगत नीट समजावून सांगितली. ती हसेल असं झामरेंना वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाले वाटते मले भांडायची हौस हाय," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत कितीकदा गोडीनं सांगून पाह्यलं मी. कोनं ऐकलं? चढ्या आवाजात बोलली तवाच ऐकू गेलं तुमच्या रेल्वेले. आता तुमचं यंत्र बी तुमच्यासारखंच निंगालं, तर त्यात माही काय चूक?"

कैवल्य खाली बघू लागले.

"भांडतो," शेवटी वनमाला म्हणाली. "पन शनिवारपासून रजा. लेखी. मोठ्या साहेबाच्या सहीनं. अन् त्याच्यावर लिहा, रद्द होनार नाही."

गुरुवारी सकाळी तसा कागद शिक्क्यासह घरी आला आणि इथेच सगळं फसलं. रद्द न होणारी रजा पदरात पडल्यावर बाई भांडणार कशाच्या जोरावर? तरी शब्द दिला होता. तिने चहाचा कप जरा आपटून ठेवला.

"तुम्ही… तुम्ही लय वाईट हाय."

"हो," प्रल्हाद म्हणाला.

"हो काय! काही तरी बोला ना उलटून. तुमच्या मायनंच तुम्हाले बिघडवलं."

"मायले तर तू लय आवडे."

"हो ना," वनमाला म्हणाली. "शेवटचं पानी माह्याच हातचं पेल्या त्या."

मग दोघंही चहा प्याले. प्रल्हाद डोळे पुसत कामाला गेला आणि त्याने अत्यंत मायेने नऊशे चोवीस ठिपके लाल केले.

शुक्रवार उजाडला. बड्या साहेबांची खास गाडी दुपारी एकला यायची होती. सकाळी आठला पहिल्या सांध्यापाशी प्रल्हाद हातोडा घेऊन उभा होता आणि झामरे त्याला चिडवण्याची पराकाष्ठा करत होते.

"तायडे, तुम्ही कामचोर हाय!"

"साहेब, तुम्ही म्हनता तर असन."

"गाढव हाय तुम्ही!"

"जी."

ठोका पडला. लाल. झामरेंचा तोल सुटला. "असं काय? मंग थांबा! तो रजेचा कागद मी फाडून टाकतो. रद्द होनार नाही म्हने! मी करून दाखवतो रद्द!"

त्यांनी हे फक्त प्रल्हादला संताप यावा म्हणून म्हटलं होतं. पण प्रल्हादला संताप येण्याऐवजी रडू आलं. आणि त्याचा विसरलेला डबा घेऊन आलेली वनमाला मागेच उभी होती, हे कोणाला दिसलं नव्हतं.

तिने डबा झामरेंच्या हातात दिला, नवऱ्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि पदर खोचला.

ठाण्! ठाण्-ठाण्! "माहा बाप मेला तवा तुम्ही रजा नाही देली. एकटी गेली मी मयतीले!"

कैवल्यच्या हातातल्या छोट्या पडद्यावर ठिपका हिरवा झाला. बाई समोरच्या रुळाकडे वळली. ठाण्! "पोरीच्या बाळंतपनात रातंदिस मी एकटी!" हिरवा. ठाण्! "बहिनीच्या घरच्या वास्तूले सारे जोडीनं आलते, मी एकटी!" हिरवा.

ती पुढे चालत राहिली. झामरे डबा घेऊन मागे, कैवल्य पडदा घेऊन त्यांच्या मागे आणि सगळ्यांत शेवटी झेंड्या घेऊन प्रल्हाद. पहिल्या किलोमीटरात आपल्याला ठाऊक असलेलंच सगळं येईल असं त्याला वाटलं होतं, तसं ते आलंही. दुसऱ्या किलोमीटरापासून त्याला नवीन काही ऐकू येऊ लागलं. तिच्या दाढा काढल्या तो दिवस. गच्चीवरून पडली आणि त्याला सांगितलंच नाही तो दिवस. दरवर्षी नवा पास आला की बॅग काढून, झटकून, पुन्हा वर ठेवायची ते दिवस. एवढी वर्षं तो रोज जे ऐकत होता त्याला तो कटकट समजत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

बारा वाजून गेले तेव्हा शेवटचा सांधा आला. नऊशे तेवीस हिरवे झाले होते. वनमालेने हातोडा उचलला आणि तशीच थांबली.

"काही उरलंच नाही आता," ती थकून म्हणाली. तिने ठोका मारून पाहिला. लाल.

"वहिनी, आठवा काही तरी!" झामरे काकुळतीला आले. खास गाडी कोठारीहून सुटल्याचा फोन येऊन गेला होता.

तेव्हा प्रल्हाद पुढे आला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "दोनदा रजा मंजूर झालती, वनमाला. दोनदा दुसरा कीमन बी भेटलता. मीच गेलो नाही. मले त्याच्यावर भरोसा नव्हता. वाटे, माहे सांधे तो बिघडवन. घरी येऊन मी सांगितलं, साहेबांनी नाही म्हटलं."

"काय?" वनमाला म्हणाली.

तो ठोका वाघजळीच्या फलाटापर्यंत ऐकू गेला म्हणतात. ठिपका हिरवा झाला आणि आजूबाजूचे दोन पुन्हा हिरवे झाले. बड्या साहेबांची गाडी एकच्या ठोक्याला सुरळीत गेली, साहेबांनी झामरेंची पाठ थोपटली, पण तायडे पती-पत्नी त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. कीमनने कबुली देऊन एक सांधा पक्का केला होता, पण बायको परक्यासारखी झाली होती. ती पुरीला येणार की नाही, हे त्याने विचारायचं धाडस केलं नाही.

शनिवारी सकाळी तिने बॅग भरली. ती आली. साडेनऊच्या गाडीत खिडकीपाशी बसली आणि मध्ये बॅग ठेवून त्याला पलीकडे बसवलं.

गाडी सुटली आणि दहा मिनिटांत आंब्याच्या बनापाशी थांबली. बदली कीमन म्हणून कोठारीहून आलेला माणूस तगडा होता, पण त्याचं लग्न होऊन नेमके अकरा दिवस झाले होते. त्याच्या हातून एकही सांधा हिरवा होईना.

झामरे आणि कैवल्य रुळाच्या कडेने पळत खिडकीपाशी आले. "वहिनी, फक्त एकदा उतरा! आज तर तुम्ही चिडलेल्याच दिसता."

"चिडली हाय," वनमाला म्हणाली. "पन तो राग माह्या नवऱ्यावर हाय. तो घरचा हाय. रेल्वेले मी तो देनार नाही."

मग झामरेंनी प्रल्हादकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप बॅगेत गेला आणि साड्यांच्या घडीतून हातोडा बाहेर आला. त्याने तो गुपचूप बरोबर घेतला होता. वनमालेने हातोड्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तोंड खिडकीबाहेर वळवलं. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

डबा एव्हाना खवळला होता. एक शिक्षिका घड्याळ दाखवत होती, एक कांदेवाला सरकारचा उद्धार करत होता, आणि सगळ्यांत वरचढ आवाज होता गणोरकर नावाच्या एका गृहस्थांचा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी एकोणीस वर्षं चाललेल्या खटल्याची आज त्यांची कोठारीच्या कोर्टात तारीख होती. "आज निकाल हाय!" ते गरजत होते. "एकोनीस वर्षांनी निकाल हाय, अन् हे थांबले आंबे मोजत!"

प्रल्हाद उठला. दाराशी गेला. खाली रूळ होता, त्याचा स्वतःचा, शंभर पावलांवर पुलाजवळचा हळवा सांधा होता आणि त्याच्या पायांना उतरायची सवय होती. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने हातोडा गणोरकरांच्या हातात दिला.

"काका, एवढं सारं मले सांगू नका," तो म्हणाला. "सांध्यावर मारा अन् त्याले सांगा."

गणोरकरांनी पहिला ठोका मारला. कैवल्यच्या पडद्यावर ठिपका असा हिरवा झाला, की त्यांनी डोळे चोळले. गणोरकरांनी एकट्याने साठ सांधे उरकले, धुरा, वकील, शेजारी आणि शेजाऱ्याची म्हैस धरून. मग शिक्षिकेने हातोडा मागितला. गाडी अडकून चिडलेली दोनशे माणसं होती आणि प्रत्येकाच्या पोटात काही ना काही साठलेलं होतं. गार्डाने आपल्या पेटीतला हातोडा दिला, बदली कीमनने त्याचा दिला, आणि रांगा लागल्या. कैवल्य दामले भराभर वहीत लिहीत होते: ठिपका लाल, गाडी बंद, प्रवासी संतप्त, ठोका, ठिपका हिरवा, गाडी चालू. यंत्राला आता कोणाच्या घरच्या भांडणाची गरज नव्हती. उशिराने धावणारी गाडी स्वतःला लागेल तेवढा राग स्वतःच तयार करत होती, आणि या देशात त्याचा पुरवठा कधी तुटणार नव्हता. चकत्यांचं कुलूप उघडेपर्यंतचे दोन महिने ती शाखा अशीच सुरळीत चालली. त्याबद्दल झामरेंना बढती मिळाली.

पण हे पुढचं. त्या सकाळी प्रल्हाद दारातून आत आला आणि आपल्या जागी बसला. बाहेर कोणीतरी उलट्या हाताने ठोके मारत होतं, कोणी फिशप्लेट सोडून नुसत्या रुळावरच मारत होतं. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो उठला नाही. एकदा अर्धवट उठला, पुन्हा बसला आणि मांड्या हातांनी दाबून धरल्या.

वनमाला हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने मधली बॅग उचलून पायाशी ठेवली.

"सरका इकडे," ती म्हणाली. "भाकर काढू का?"

दोघांनी भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. गाडी हलली तेव्हा बारा वाजले होते. सांध्यामागून सांधा चाकाखाली वाजू लागला, खटक्-खटक्, खटक्-खटक्. प्रल्हादने पाच-सहा मोजले असतील. मग त्याची मान कलली आणि वनमालेच्या खांद्यावर टेकली.

सहा किलोमीटर संपेपर्यंत वनमाला जागी होती. कालचा सगळा रस्ता तिच्या हाताला पाठ झाला होता, त्यामुळे शेवटचा सांधा गेला तो तिला नेमका कळला. हा बघा, असं म्हणून नवऱ्याला हलवायला तिने हात उचललाही होता. पण तो इतका गाढ झोपला होता, की तिने हात परत घेतला आणि त्याला झोपू दिलं.